फ्लक्स कशाचा?

भाची दिवाळीच्या सुट्टीत आली ती प्रश्न घेऊनच. इलेक्ट्रिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. "आत्या, बारावीला तूच शिकवलंस की बंद पृष्ठभागातून बाहेर पडणारा विद्युत फ्लक्स म्हणजे आतला प्रभार भागिले एप्सिलॉन शून्य. आमच्या पुस्तकात लिहिलंय, फ्लक्स म्हणजे आतला प्रभार. एवढंच. भागाकार कुठे गेला?"

मी म्हटलं, "दोन्ही बरोबर आहे." तिनं मान हलवली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, आणि व्हायला नकोच होतं. "दोन्ही बरोबर" हे उत्तर नव्हे. दोन बरोबर गोष्टींना एकच नाव का पडलं, त्या वेगळ्या कुठे होतात, कुठली केव्हा वापरायची, हे सांगितल्याशिवाय तिची शंका तिथेच राहणार. तीस वर्षं हा धडा शिकवला, पण ही शंका मी स्वतःहून वर्गासमोर कधी ठेवली नाही. म्हणून सुचेल तशी ही टिपणं.

*

आधी बारावीची व्याख्या.

वारा पडलेला आहे आणि पाऊस सरळ खाली येतोय. तारेचं एक गोल कडं पावसात आडवं धरलं तर त्यातून भरपूर थेंब जातात. तिरपं केलं की कमी. उभं धरलं तर एकही नाही. पावसाचा जोर तोच, कडं तेच, फक्त तिरपेपणा बदलला. विद्युत क्षेत्राचंही असंच. क्षेत्राची तीव्रता, तिला आपण 'ई' म्हणतो, गुणिले क्षेत्रफळ, गुणिले ई आणि पृष्ठभागाचा लंब यांच्यातल्या कोनाचा कोसाइन. पृष्ठभाग वाकडातिकडा असेल तर त्याचे बारीक तुकडे करायचे आणि तुकड्यातुकड्याचा हिशेब जोडत जायचं. हा झाला ई चा फ्लक्स. एकक व्होल्ट-मीटर.

पावसाची उपमा इथेच सोडून द्यावी. पावसात पाणी खरोखर खाली येतं. टेबलावर स्वस्थ ठेवलेल्या प्रभारातून काहीही बाहेर वाहत नाही, आणि तरी त्याच्याभोवती काढलेल्या प्रत्येक बंद पृष्ठभागातून फ्लक्स असतो. मुलांना हे एकदा तरी स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, नाहीतर "मग प्रभार संपत कसा नाही?" हा प्रश्न पोटात राहतो. तो प्रश्न चुकीचा नाही. उपमेनंच तो निर्माण केलेला असतो.

*

शब्द लॅटिनमधला, अर्थ 'प्रवाह'. सोल्डरिंग करणारा दुकानात 'फ्लक्स' मागतो तेव्हा त्याला राळेची डबी मिळते. वितळून वाहणारा पदार्थ म्हणून तेही नाव त्याच मुळाचं.

मेकॅनिकलवाल्यांचा फ्लक्स आणखी निराळा. 'हीट फ्लक्स' म्हणजे दर चौरस मीटरमधून दर सेकंदाला जाणारी उष्णता, वॅट प्रति चौरस मीटर. तिथे 'फ्लक्स' हे दर एकक क्षेत्रफळाचं माप आहे. विद्युतचुंबकशास्त्रात मात्र फ्लक्स म्हणजे अख्ख्या पृष्ठभागाची बेरीज, आणि दर एकक क्षेत्रफळाच्या राशीला 'फ्लक्स डेन्सिटी' म्हणतात. दोन विभागांची मुलं एकाच कँटीनमध्ये बसून हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. दोन्ही अर्थ आपापल्या जागी रुळलेले आहेत, पण अनुवाद करणाऱ्यांनी आणि शिकवणाऱ्यांनी सावध राहावं.

*

माळ्यावरून माझी स्वतःची बारावीची वही काढली. पानं पिवळी पडलीत, शाई शाबूत आहे. आणि त्यात काय सापडावं: टी. एन. ई. आय.!

आमच्या पिढीनं महाराष्ट्र बोर्डाची बारावी केली ती 'टोटल नॉर्मल इलेक्ट्रिक इंडक्शन' पाठ करून. त्या वेळी शिकवलेलं गाउसचं प्रमेय असं होतं: बंद पृष्ठभागावरचं टी. एन. ई. आय. हे आतल्या प्रभारांच्या बैजिक बेरजेइतकं असतं. भागाकार नाही, एप्सिलॉन नाही. कारण ई ला माध्यमाच्या पर्मिटिव्हिटीनं आधीच गुणून घेतलेलं असे आणि त्या गुणाकाराला 'इंडक्शन' म्हणत. वहीत पुढे 'ट्यूब्ज ऑफ फोर्स' आणि 'ट्यूब्ज ऑफ इंडक्शन' अशी दोन नावं आहेत. क्यू प्रभारातून इंडक्शनच्या क्यू ट्यूब निघतात, फोर्सच्या ट्यूब मात्र क्यू भागिले एप्सिलॉन.

म्हणजे भाचीला दुसऱ्या वर्षाला जे भेटलं ते आम्हाला बारावीतच भेटलं होतं, दुसऱ्या नावानं. पुढे पुस्तकं बदलली, टी. एन. ई. आय. गेलं, ई चा फ्लक्स आला. मी स्वतः एक शिकले आणि दुसरं शिकवलं, आणि मधला दुवा कधी शोधला नाही. त्या वहीच्या पानावर आज पहिल्यांदा पेन्सिलनं लिहिलं: हाच डी चा फ्लक्स.

*

'डी' म्हणजे काय ते लिहायला हवं.

प्रभार एखाद्या डायइलेक्ट्रिकमध्ये ठेवला, म्हणजे तेलात, काचेत, मेणात, तर त्या पदार्थाचे रेणू थोडे ताणले जातात किंवा वळतात. धन टोक एकीकडे, ऋण टोक दुसरीकडे. आपण ठेवलेल्या धनप्रभाराला लगटून पदार्थातला ऋणप्रभार जमतो. हा बद्ध प्रभार. तो आपण आणलेला नाही, पदार्थातच होता, जरासा सरकला इतकंच. ई ला या सगळ्यांशी देणंघेणं आहे, मुक्त असोत की बद्ध. डी ची रचना अशी केली आहे की त्याचा फ्लक्स फक्त मुक्त प्रभार मोजतो, म्हणजे आपण तारेनं, कांडीनं, बॅटरीनं तिथे आणून ठेवलेला.

एक नॅनोकुलोंब प्रभाराचा छोटा गोल घ्या. हवेत त्याच्याभोवती ई चा फ्लक्स सुमारे ११३ व्होल्ट-मीटर. तोच गोल ट्रान्सफॉर्मरच्या तेलात बुडवला, तेलाची सापेक्ष पर्मिटिव्हिटी २.२ धरली, तर ५१. शुद्ध पाण्यात, ८० धरून, दीडसुद्धा नाही. डी चा फ्लक्स तिन्ही ठिकाणी एक नॅनोकुलोंब.

बारावीचं सूत्रही इथे खोटं ठरत नाही. "आतला प्रभार" यात बद्ध प्रभारही धरला की पाण्यातलं उत्तर बरोबर येतं. पण बारावीची बहुतेक उदाहरणं निर्वातातली असतात, म्हणून हा 'धरला की' कुणी उच्चारत नाही.

*

भाचीच्या पुस्तकात, हेटच्या, डी चं प्रकरण फॅरेडेच्या गोलांपासून सुरू होतं. एकात एक दोन धातूचे गोल, मध्ये डायइलेक्ट्रिक, आतल्यावर प्रभार ठेवला तर बाहेरच्यावर तेवढाच विरुद्ध प्रभार येतो, मध्ये कुठलाही पदार्थ असो. म्हणून आतून बाहेर 'काहीतरी' जातं, त्याला फ्लक्स म्हणू आणि ते प्रभाराइतकंच धरू.

शिकवायला हे सुरेख आहे. पण मायकेल फॅरेडेनं लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८३७ साली ते गोल घेतले ते दुसऱ्याच प्रश्नासाठी. त्यानं अगदी सारखी दोन उपकरणं केली होती. एकातल्या पोकळीत हवा, दुसऱ्यात लाखेचं अर्धगोल कवच. पुढे काच, गंधकही वापरलं. एकाला प्रभार द्यायचा, मग दोन्ही जोडून तो वाटून घेऊ द्यायचा. वाटणी निम्मी-निम्मी झाली नाही. लाख असलेल्या उपकरणानं जास्त वाटा घेतला. म्हणजे मधला पदार्थ केवळ जागा अडवून बसलेला नसतो, तो कामात भाग घेतो. आज आपण ज्याला सापेक्ष पर्मिटिव्हिटी म्हणतो तिचं हे पहिलं जाहीर मोजमाप.

आतल्या-बाहेरच्या प्रभारांची बरोबरी त्यानं निर्विवाद दाखवली ती १८४३ मध्ये, बर्फ ठेवायच्या धातूच्या बादलीत. रेशमी दोऱ्यानं प्रभारित गोळा बादलीत सोडला. बादलीला जोडलेल्या इलेक्ट्रोस्कोपची पानं फाकली. गोळा आत पुरेसा खोल गेल्यावर इकडे-तिकडे हलवला तरी पानं तशीच. गोळा तळाला टेकवला तरीही तशीच, आणि बाहेर काढला तेव्हा गोळ्यावर प्रभार उरला नव्हता. बादलीच्या आतल्या बाजूला ओढला गेलेला प्रभार गोळ्यावरच्या प्रभाराला तंतोतंत पुरला.

मला यात फार मोठी गोष्ट दिसते. पहिला प्रयोग सांगतो, माध्यमानं फरक पडतो. दुसरा सांगतो, प्रभाराचा हिशेब कुठेही चुकत नाही. ई आणि डी ही दोन्ही अक्षरं जन्माला यायच्या आधी एकाच माणसाच्या हातांनी दोन्ही बाजू तपासल्या होत्या. आणि फॅरेडेला या प्रकारचं गणित येत नव्हतं. बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेला माणूस, बलरेषा नजरेसमोर आणून विचार करणारा.

*

रेषांना गणित दिलं ते इतरांनी. विल्यम थॉमसननं, पुढे लॉर्ड केल्व्हिन झालेल्यानं, १८४२ साली सतराव्या वर्षी दाखवलं की उष्णतेच्या स्थिर वहनाची आणि स्थिरविद्युतची समीकरणं एकाच साच्याची आहेत. मॅक्सवेलनं १८५५-५६ च्या लेखात बलरेषांच्या जागी न दबणारा एक काल्पनिक द्रव वाहवला, आणि तो काल्पनिक आहे हे बजावूनही सांगितलं. 'फ्लक्स' या शब्दातला प्रवाह इथून येतो. उपमा गेली, शब्द राहिला.

१८७३ च्या ग्रंथात मॅक्सवेलनं एक भेद केला आहे, तो मला या सगळ्या गोंधळावरचा खरा उतारा वाटतो. सदिश राशी दोन जातीच्या असतात. एक रेषेच्या संदर्भात मोजायच्या, दुसऱ्या पृष्ठभागाच्या. ई रेषेच्या जातीची: एका बिंदूपासून दुसऱ्यापर्यंत वाटेनं ई ची बेरीज करा, व्होल्ट मिळतात. म्हणूनच तिचं एकक व्होल्ट प्रति मीटर. डी पृष्ठभागाच्या जातीची: पृष्ठभागावर बेरीज करा, कुलोंब मिळतात. म्हणून तिचं एकक कुलोंब प्रति चौरस मीटर.

एककांकडेच पाहिलं तरी कळतं. 'प्रति मीटर' ही राशी मीटरनं गुणून घेण्यासाठी आहे, 'प्रति चौरस मीटर' ही चौरस मीटरनं. व्होल्ट प्रति मीटरला चौरस मीटरनं गुणलं की व्होल्ट-मीटर हे अवघडलेलं एकक येतं. उपकरणानं मोजता येईल असं त्यात काही नाही. आपण ते करतो, कारण निर्वातात ई आणि डी मध्ये फक्त एका स्थिरांकाचा फरक आहे.

*

चुंबकीय बाजूला हा घोटाळा नाही. चुंबकीय फ्लक्स म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा, म्हणजे बी चा फ्लक्स, एकक वेबर, म्हणजेच व्होल्ट-सेकंद. डी च्या फ्लक्सचं एकक कुलोंब, म्हणजेच अँपिअर-सेकंद. व्होल्ट-सेकंद आणि अँपिअर-सेकंद अशी ही जोडी बघा, किती नेमकी बसते. दोघांचा गुणाकार केला तर ज्यूल-सेकंद येतो, प्लँकच्या स्थिरांकाचं एकक. ई च्या फ्लक्सला अशी जोड मिळत नाही.

*

कपॅसिटरचं उदाहरण. भाचीला हे करायला दिलं आणि तिथे ती अडखळली, म्हणून सविस्तर.

१०० चौरस सेंटिमीटरच्या दोन पट्ट्या, मध्ये १ मिलिमीटर हवा, १२ व्होल्टची बॅटरी. ई झाली १२,००० व्होल्ट प्रति मीटर. मधल्या फटीतून ई चा फ्लक्स १२० व्होल्ट-मीटर, डी चा सुमारे १.०६ नॅनोकुलोंब.

आता बॅटरी काढून घ्या आणि फटीत सापेक्ष पर्मिटिव्हिटी ५ असलेला पदार्थ सरकवा. पट्ट्यांवरचा प्रभार जायला वाट नाही. डी चा फ्लक्स १.०६ च राहतो, ई चा २४ वर येतो.

पुन्हा सुरुवातीपासून, पण या वेळी बॅटरी जोडलेली ठेवून पदार्थ सरकवा. व्होल्टेज बॅटरीनं धरून ठेवलंय. ई चा फ्लक्स १२० च राहतो. डी चा ५.३ नॅनोकुलोंब होतो, जादा प्रभार बॅटरीतून आला.

भाची म्हणत होती, "डी माध्यमावर अवलंबून नसतो असं लिहिलंय." अनेक पुस्तकांत हे वाक्य असंच अर्धवट असतं. मुक्त प्रभार ठरलेला असेल तर बंद पृष्ठभागातून जाणारा डी चा फ्लक्स बदलत नाही. व्होल्टेज ठरलेलं असेल तर बदलतो. काय धरून ठेवलंय ते आधी विचारायचं.

*

निरभ्र दिवशी उघड्या जमिनीलगत साधारण १०० व्होल्ट प्रति मीटर इतकं विद्युत क्षेत्र असतं, दिशा खाली. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एका गुंठ्यातून जमिनीत शिरणारा ई चा फ्लक्स दहा हजार व्होल्ट-मीटर. डी चा जवळजवळ ९० नॅनोकुलोंब, आणि त्या गुंठाभर मातीवर तेवढाच ऋणप्रभार पसरलेला.

दहा हजार हा आकडा ऐकून भाची दचकली. ९० नॅनोकुलोंब ऐकून "एवढासाच?" म्हणाली. जमीन तीच, दिवस तोच. अख्ख्या पृथ्वीचा हिशेब केला तर ऋणप्रभार सुमारे पाच लाख कुलोंब निघतो.

*

जुन्या सी.जी.एस. पुस्तकांत तिसराच आकडा: फ्लक्स म्हणजे ४ पाय क्यू. एकक प्रभारापासून एक सेंटिमीटरवर दर चौरस सेंटिमीटरला एक रेषा धरली की त्या गोलाचं क्षेत्रफळ ४ पाय, म्हणून रेषाही ४ पाय. ऑलिव्हर हेव्हिसाइडला हा ४ पाय अस्थानी उगवलेला वाटे. जिथे गोल नाही तिथे, सपाट पट्ट्यांच्या कपॅसिटरमध्येही तो उगवतो, यावर त्याचा राग होता आणि तो रास्त होता. आजच्या एसआय पद्धतीत ४ पाय कुलोंबच्या नियमात गेला, जिथे खरोखर गोल आहे.

*

सीईटीचं आवडतं गणित: घनाच्या एका कोपऱ्यावर प्रभार आहे, घनातून फ्लक्स किती? तसेच आणखी सात घन रचले की प्रभार मध्यभागी येतो, म्हणून आठवा भाग. प्रभाराला भिडलेल्या तीन बाजूंतून शून्य, कारण तिथे क्षेत्र पृष्ठभागाला समांतर आहे. उरलेल्या तिघींना प्रत्येकी चोविसावा भाग. एका अक्षराचंही इंटिग्रेशन न करता. ई असो की डी, हे सौंदर्य तेच. फक्त चोविसावा भाग कशाचा, तेवढं लिहायचं.

*

हे सगळं उभं आहे ते व्यस्त वर्गावर. अंतर दुप्पट केलं की क्षेत्र चौथाई, पृष्ठभाग चौपट, गुणाकार तोच. घातांक नेमका दोन नसता तर फ्लक्स अंतरावर अवलंबून राहिला असता आणि गाउसचा नियम उरला नसता. हेन्री कॅव्हेंडिशनं १७७० च्या दशकात हे तपासलं आणि छापलं नाही. मॅक्सवेलनं ते १८७९ मध्ये प्रसिद्ध केलं. १९७१ मध्ये विल्यम्स, फॉलर आणि हिल यांनी तपासलं तेव्हा पहिल्या पंधरा दशांश स्थळांपर्यंत दोनपासून फरक सापडला नाही.

*

डिस्प्लेसमेंट करंटही याच दोन भाषांत. ई च्या फ्लक्सचा बदलाचा दर घेतला तर अँपिअर मिळवायला एप्सिलॉन शून्यानं गुणावं लागतं. डी च्या फ्लक्सचा दर घेतला तर कुलोंब प्रति सेकंद, थेट अँपिअर. पदार्थ मध्ये असेल तर बद्ध प्रभारांच्या हालचालीचा वाटाही डी मध्ये आपोआप येतो.

*

मग खरा कुठला? आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या शब्दसंग्रहात 'इलेक्ट्रिक फ्लक्स' म्हणजे डी चा फ्लक्स. एसआयच्या अधिकृत पुस्तिकेतही 'इलेक्ट्रिक फ्लक्स डेन्सिटी' हे नाव डी ला दिलं आहे, कुलोंब प्रति चौरस मीटर या एककासह. ग्रिफिथ्स, हॅलिडे-रेस्निक, एच. सी. वर्मा, एनसीईआरटी ई चा फ्लक्स घेतात. हेट आणि सादिकू डी चा. भौतिकशास्त्रवाल्यांना अखेरीस सगळेच प्रभार मोजायचे असतात, अणूतलेसुद्धा, म्हणून ई. अभियंत्याला आपण तारेतून किती सोडला ते हवं असतं, म्हणून डी.

माझं मत विचाराल तर नुसतं 'फ्लक्स' हे नाव डी ला शोभतं. मॅक्सवेलचा भेद, एककं आणि चुंबकीय जोड, तिन्ही त्या बाजूची आहेत. पण बारावीचं पुस्तक बदला असा आग्रह मी धरणार नाही. कुलोंबच्या नियमातून ई हातात येते, डी साठी पदार्थाची ओळख लागते, आणि ती ओळख पहिल्या महिन्यात करून देता येत नाही.

*

भाची काल परत गेली. जाण्याआधी तिच्या पुस्तकात समासात लिहून दिलं: 'हा डी चा फ्लक्स. मुक्त प्रभार मोजतो. कुलोंब.' तिच्याच बारावीच्या पुस्तकात, गाउसच्या नियमाच्या पानावर: 'हा ई चा फ्लक्स. मुक्त आणि बद्ध, सगळे प्रभार मोजतो. व्होल्ट-मीटर.'

हा धडा शिकवणाऱ्या सगळ्यांना विनंती आहे. फळ्यावर 'फ्लक्स' लिहाल तेव्हा तो कशाचा ते शेजारी लिहा, आणि उत्तराखाली एकक लिहिल्याशिवाय गुण देऊ नका.